अर्ध्या मिनिटात खोडाळा

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की आपल्यापैकी पुष्कळजणींपुढं एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना घेऊन यंदा कुठं जायचं? महाबळेश्वर-माथेरानचा खर्च झेपत नाही. दरवर्षी माहेरी जाऊन वहिनीला कामाला लावणं बरं दिसत नाही. घरीच राहावं तर मुलं फोनमधून मान वर काढीत नाहीत. म्हणून आज मी तुम्हाला एक गाव सुचवणार आहे, आणि ज्या फोनच्या नावानं आपण दिवसभर बोटं मोडतो त्या फोनचा एक उपयोगही सांगणार आहे. गावाचं नाव खोडाळा.

‘हे कुठं आलं?’ असं विचारलंत तर मला नवल वाटणार नाही. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, नाशिक जिल्ह्याला खेटून मोखाडा तालुका आहे आणि त्यात हे गाव. आम्ही शहापूरकर. आसनगावला लोकल धरली की कसारा म्हणजे थोडक्या वेळाचा प्रवास. कसाऱ्याहून खोडाळ्याला जीप मिळते, एसटीही जाते. तासाभरात माणूस पोचतो. मुलाला गाडी लागत असेल तर आवळासुपारी जवळ ठेवा, वळणं फार आहेत.

वाटेत विहीगाव लागतं. तिथला धबधबा आता ‘अशोका धबधबा’ म्हणूनच ओळखला जातो, कारण २००१ साली आलेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटातलं एक गाणं तिथं चित्रित झालं होतं. गंमत पाहा, धबधब्याला गावाचं नाव होतंच की! पण पडद्यावर दिसलं तेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. आमच्या जीपमध्ये मुंबईचं एक जोडपं होतं. फोनमध्ये धो धो पाणी पाहून दोघं निघाली होती, आणि दिवस एप्रिलअखेरचे! ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, “ताई, पाणी बघायचंय ना? मग जुलैत या.” बिचाऱ्यांची तोंडं अशी उतरली की मी त्यांना आमच्या डब्यातले दोन लाडू दिले. पंधरा सेकंदांच्या त्या चित्रात महिना कोणता ते कुणी लिहिलेलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही उन्हाळ्यात कशाला गेलात? माझी नणंद तिथं असते. तिचे यजमान आश्रमशाळेत शिक्षक आहेत. मला शाळेत अर्धवेळ काम, त्यामुळं सुट्टी तेवढी पूर्णवेळ मिळते! ह्यांना रजा नव्हती, म्हणून मुलांना घेऊन मी एकटीच गेले.

खोडाळा तसं बाजाराचं गाव. आसपासच्या पाड्यांवरची माणसं मीठ-मिरची, कापड, औषध यांसाठी इथंच येतात. एक रस्ता मोखाड्याला जातो, एक कसाऱ्याला, एक वैतरणेच्या धरणावरून घोटीकडे. वस्ती वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी मिळून. दुपारी ऊन चांगलं भाजतं, पण संध्याकाळी डोंगरावरून जो वारा सुटतो त्याची सर पंख्याला नाही. जवळच देवबांधचं गणपतीचं देऊळ आहे, झाडांच्या सावलीत. डबा घेऊन जायला फार छान. थोडं पुढं सूर्यमाळ, तिथून सूर्यास्त बघावा. फाल्गुनात गेलात तर मोखाड्याच्या बाजूला बोहाडा बघायला मिळेल. देवादिकांचे मोठमोठे मुखवटे घालून मशालीच्या उजेडात रात्रभर नाचत सोंगं येतात. माझा तो योग हुकला, पण जव्हारकडचे ते कागदाच्या लगद्याचे रंगवलेले मुखवटे मी पाहिले आहेत. लहान मूल झोपेत दचकेल असे देखणे असतात. आणि पावसाच्या तोंडी गेलात तर शेवळं आणायला विसरू नका. मात्र सोबत काकडं घ्या. त्यांच्याशिवाय शिजवली तर घसा खाजून सगळं घर तुमच्या नावानं शंख करील.

आता फोनकडं वळते.

माझी भाची बारावी झालेली, हुशार, अंगानं चिमणीएवढी आणि बोलायला कावळ्यासारखी. ती म्हणाली, “मामी, तू फळ्यासमोर रोज बोलतेस. आमच्या गटाच्या पापडाचा एक रील करून दे ना.” गट म्हणजे वन्सं ज्यात आहेत तो अकरा बायकांचा बचत गट. उन्हाळ्यात त्या नागलीचे पापड करतात. तुम्ही जिला नाचणी म्हणता, तिला इकडं नागली म्हणतात. पापड उत्तम, पण गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स आणि पाहुणे. बाकीचे डबे तसेच फडताळात.

रील म्हणजे काय हे आता कुणाला सांगायला नको, तरी थोडा इतिहास सांगते. मास्तरीणबाईची खोड! ही अर्ध्या-एका मिनिटाची उभी चित्रं आपल्याकडं टिकटॉकनं घरोघरी पोचवली. धुळे जिल्ह्यातल्या जामदे गावचे दिनेश पवार घरच्या माणसांना बरोबर घेऊन नाच-गाण्याचे तुकडे करीत आणि लाखो लोक ते पाहत. ना स्टुडिओ, ना ओळख. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि अशा कित्येकांचं एका रात्रीत सगळं गेलं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडं रील्स सुरू केले. सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स आणले, आणि तेही जगात सगळ्यांच्या आधी भारतात. त्याच साली नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींनी नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ नावानं स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले. शाळेची पायरी न चढलेली बाई, पण चुलीवरच्या मसाल्याचा हात असा की शहरातल्या शिकलेल्या सुना वही घेऊन बसल्या. तेव्हा ‘हे आपलं काम नव्हे’ असं म्हणायला जागा राहिलेली नाही.

आम्ही पहिल्या दिवशी सूर्यमाळेवर जाऊन सूर्यास्त टिपला. लाल आभाळ, काळे डोंगर, पाखरांची रांग. मुलांना फार आवडला. दोन दिवसांत तीनशे चाळीस माणसांनी पाहिला, त्यात आमचे नातेवाईकच दीडशे असतील! दुसऱ्या दिवशी पापड. तो पाच दिवसांत एक लाख बारा हजारांनी पाहिला. असं का झालं असेल, यावर भाचीनं आणि मी रात्री गच्चीत पडून पुष्कळ खल केला. मला वाटतं कारण साधं आहे. सूर्य सगळीकडं मावळतो. पण वाफाळणारी नागलीची उकड तेलाच्या हातानं मळणारे, सुरकुतलेले, मनगटावर गोंदलेले हात काही सगळीकडं नसतात.

पण नुसते हात असून भागत नाही, ते दाखवायचे कसे हेही आहे. या अ‍ॅपचं काम कसं चालतं ते ऐका. तुमचा व्हिडिओ ते आधी थोड्याच लोकांना दाखवतं. त्यांनी तो किती वेळ पाहिला, पुन्हा पाहिला का, दुसऱ्याला पाठवला का, हे मोजतं. बरा वाटला तर आणखी लोकांपुढं ठेवतं. हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखंच आहे : पहिल्या चौघी ‘छान झालं हो’ म्हणाल्या की पाचवी आपण होऊन येते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पाहण्याचा वेळ, पसंती आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं. आणि आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोचायचं तर पाठवणं महत्त्वाचं. तेव्हा व्हिडिओ करताना स्वतःला विचारावं, हे पाहून एखादी बाई आपल्या बहिणीला पाठवील का? ‘अगं, आपली आजी अशीच करायची’ म्हणून पाठवील का?

म्हणून आम्ही सुरुवातीला नमस्कार-चमत्कार ठेवले नाहीत. ‘नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत’ म्हणेपर्यंत बघणाऱ्याचं बोट पुढं सरकलेलं असतं. (मला हे जड गेलं. नमस्कार केल्याशिवाय बोलायचं म्हणजे चपला घालून देवघरात गेल्यासारखं वाटतं.) पहिलंच दृश्य, प्लॅस्टिकच्या कागदावरून पापड सोलून निघतोय आणि त्याचा तो चर्र आवाज. मग उकड, मग मळणं, मग लाटणं, मग खाटेवर पसरलेली तांबूस चंद्रं, आणि शेवटी कढईत पडून दुप्पट फुललेला पापड. सगळं मिळून अडतीस सेकंद. आता तीन-तीन मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून पाहुण्याला चार वेळा वाढू नये.

फोन उभा धरा. भिंग पदरानं पुसून घ्या. निम्मे व्हिडिओ धुरकट दिसतात ते हळदीच्या बोटांमुळं. उजेड सकाळी नऊच्या आतला किंवा दुपारी चारनंतरचा घ्यावा. भर उन्हात चेहरे काळे पडतात आणि पापड पांढरा. घराच्या आत घ्यायचं असेल तर दाराशी बसवून, उजेड समोरून येईल असं. आम्ही फोन दोन पायल्यांच्या मधे उभा करून टेकवला, तिवई विकत घेतली नाही. वारा असेल तर आवाजाची वाट लागते, म्हणून बोलणं नंतर शांत खोलीत बसून वेगळं भरलं. खोली कसली, गोधड्यांच्या वळकट्यांमागं बसले होते मी! गोधडी आवाजाचा घुमारा खाऊन टाकते. आणि मराठी ओळी चित्रावर लिहाव्यात, कारण पुष्कळजणी सासू झोपलेली असताना आवाज बंद करून बघतात. दुसऱ्याचं गाणं लावताना जपून. अ‍ॅप देतं तेच वापरावं, आणि धंद्याचं खातं असेल तर सगळी गाणी वापरता येत नाहीत. आम्ही गाणं लावलंच नाही. लाटण्याचा आणि बांगड्यांचा आवाज पुरला.

व्हिडिओ चालला, पण खरी धांदल पुढंच होती. तीनशेच्या वर निरोप आले : ‘पुण्याला पाठवाल का?’, ‘पाच किलो हवेत’, ‘पत्ता द्या, आम्ही येतो’. गटाकडं तयार पापड होते नऊ किलो. वन्सं डोक्याला हात लावून बसल्या. मी म्हटलं, “वन्सं, लग्नात पंगत मोठी झाली तर आपण काय करतो? आधी पानं मोजतो.” एक वही केली. पाव किलोच्यावर कुणालाही नाही, पैसे आधी, टपालखर्च वेगळा. उरलेल्यांना सांगितलं, पुढचं वाळवण झालं की कळवू. पापड टपालात फुटू नयेत म्हणून दोन पुठ्ठ्यांमधे दाबून, वर जुनं वर्तमानपत्र. खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. लहान धंद्याला ती ऑनलाइन, थोड्या फीत होते. भाचीनं तो अर्जही भरला. गटाच्या नावानं पैसे घ्यायचे तर गटाचंच बँकखातं, भाचीच्या फोनवर नाही, हे वन्संनी ठणकावून सांगितलं. मला ते फार आवडलं. घरात पैसा आला की तो कुणाच्या नावानं आला, यावरून पुढचं रामायण घडतं, तुम्हाला काय सांगायचं!

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, चला, सगळं गोडच गोड. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, आणि मी खरं म्हणजे तिच्यासाठी हे लिहायला बसले.

खोडाळ्याच्या आसपासचे पाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात. पाऊस इतका पडतो की तीन महिने डोंगर दिसत नाहीत, पण कातळावरून सगळं वाहून जातं. आणि अडवलेलं पाणी? ते मुंबईला. वैतरणेवर मोडकसागर १९५७ पासून, ऊर्ध्व वैतरणा १९७३ पासून. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचं धरण २०१२ साली उभं राहिलं, त्याची उंची १०२ मीटर. त्या एका धरणातून रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मुंबईला मिळतं. मुंबईत नळ सोडून दात घासणाऱ्या आपल्या जावा-नणंदांच्या तोंडात खोडाळ्याच्या शेजारचं पाणी असतं. आणि धरणाच्या बाजूच्या डोंगरावरची बाई पहाटे चारला उठून हंडा घेऊन निघते.

आम्ही एका पाड्यावर गेलो होतो, नागली आणायला. टँकर नुकताच येऊन विहिरीत पाणी सोडून गेला होता. बायका काठावर दाटीनं उभ्या राहून दोर सोडत होत्या. शहरातून आलेली दोन मुलं फोन धरून ते टिपत होती. वाईट मुलं नव्हती हो. ‘काकू, जरा वाकून बघा ना विहिरीत’ असं अदबीनं सांगत होती. एका तरुण बाईनं पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. तिथं एक म्हातारी होती, डोळ्यांनी अधू पण जिभेनं नाही. ती म्हणाली, “आमचा पानी नेला मुंबईला, आता आमची तोंडं पन नेता का?” मुलं ओशाळली. फोन खाली गेले.

रात्री वन्संच्या ओटीवर गटाच्या बायका जमल्या तेव्हा हाच विषय निघाला. माझा आपला शहरी विचार : दाखवलं पाहिजे, सगळ्यांना कळलं पाहिजे. गटातली एक शिकलेली सून माझ्याच मताची. तिनं शेंद्रीपाड्याचा दाखला दिला. सीमेपलीकडं त्र्यंबकेश्वर तालुक्यात खरशेत गावाचा हा पाडा. तिथल्या बायका तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्लीवरून डोक्यावर हंडे घेऊन जा-ये करीत. ती चित्रं सगळीकडं फिरली, तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी लक्ष घातलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथं लोखंडी पूल बसला. “दिसलं म्हणून झालं ना?” ती म्हणाली.

“झालं,” दुसरी म्हणाली, “आनि जुलैच्या पुरात वाहून बी गेलं.” तेही खरंच आहे. २०२२ च्याच पावसात तो पूल गेला. हंडेवाल्या बायका ज्यांनी पाहिल्या त्यांपैकी किती जणांनी पूल गेल्याचं पाहिलं असेल?

मग एक बाई, जी पापडाच्या वेळी सर्वांत पुढं होती, ती हळूच म्हणाली, “माझ्या पोराचं जमवायचं हाये. इथल्या पान्याचा असा व्हिडिओ गेला तर कोन देईल आमच्या पाड्यात मुलगी?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपण मुलीचं स्थळ बघताना पहिलं काय विचारतो? नळ घरात आहे का. मग या बाईनं आपल्या पाड्याची कोरडी विहीर लाखो लोकांपुढं का मांडावी? त्या लाखांत तिची होणारी विहीणही असेल. आपल्याला ते चित्र हळहळण्यापुरतं; तिला ते जन्माचं. ऑगस्ट २०२२ मध्ये याच मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीच्या एका बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून चादरीच्या डोलीतून निसरड्या डोंगरवाटेनं नेलं होतं. तिची जुळी बाळं गेली होती. तो व्हिडिओ राज्यभर पाहिला गेला, मीही पाहिला आणि रडले. रस्त्याची लाज सरकारला वाटायला हवी आणि त्यासाठी ते दिसायलाच हवं होतं, असं मी आजही म्हणेन. पण डोलीतल्या बाईचा विचार मला त्या रात्री ओटीवर बसून पहिल्यांदा आला. आयुष्यातल्या त्या दिवशी आपल्याला कुणी टिपलेलं आपल्यापैकी किती जणींना चालेल?

शेवटी तोड काढली ती त्या पदर ओढून पाठ फिरवणाऱ्या तरुण बाईनंच. ती म्हणाली, मी बोलीन, पण हंडा डोक्यावर घेऊन नाही आणि रडून नाही. दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून टँकरच्या जागी उभी राहिली. हातात घरातली दिनदर्शिका. टँकर कुठल्या तारखेला आला, त्यानंतर कुठल्या, मधे किती दिवस गेले, पाड्यात घरं किती, एवढंच तिनं बोट ठेवून सांगितलं. चाळीस सेकंद. गावाचं नाव सांगितलं, पाड्याचं गाळलं. तो व्हिडिओ आम्ही कुठंही टाकला नाही. ज्यांच्याकडं टँकरचं काम होतं त्यांच्या फोनवर तेवढा पाठवला. दोन दिवसांनी टँकर आला. व्हिडिओमुळं आला की त्याची पाळीच होती, कोण सांगणार. पण त्या बाईच्या बोलण्यात जे बळ होतं ते आमच्या लाखाच्या पापडात नव्हतं, असं माझं आपलं मत.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर धबधब्याचंही बोलून घेते, कारण पावसाळ्यात तुमची मुलं तिकडं जाणार. जव्हारजवळ दाभोसाचा धबधबा आहे, फार सुंदर. मे २०२४ मध्ये दोन तरुणांनी तिथल्या उंच कड्यावरून खाली डोहात उडी मारली. एक जागीच गेला, दुसरा जबर जखमी झाला. मित्रांनी टिपलेली ती उडी घरोघरीच्या फोनवर पोचली. त्याच वर्षी जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी रील करणारी एक तरुण मुलगी दरीत पडून गेली. अशी चित्रं पाहून कुणी शहाणं होतं म्हणावं, तर तसंही दिसत नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही धबधब्यांवर जायला बंदी घालतं. निघण्याआधी चौकशी करा, आणि मुलगा ‘सगळे जातात’ म्हणाला तर सरळ त्याचा फोन काढून घ्या. कठोर वाटेल, वाटू द्या.

आणखी एक. आपण जिथं जातो तिथला नेमका ठावठिकाणा व्हिडिओवर टाकायचा की नाही, हेही पाहावं. देवबांधच्या सावलीचा आम्ही एक तुकडा टाकला, कारण देऊळ सगळ्यांचं आहे. पण वन्संच्या घरामागं उंबराखाली एक झरा आहे. मुलं तिथं दुपारभर पाय सोडून बसली होती. तो मी टिपून फोनमध्येच ठेवला आहे. शनिवार-रविवारच्या गाड्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पुड्या तिथं नकोत. तुम्हाला दाखवीन, पण घरी चहाला आलात तर!

लहान मुलांच्या बाबतीतही तसंच. पापडाच्या व्हिडिओत माझी धाकटी मधेच येऊन कच्ची उकड खाते. सगळे म्हणाले, हाच भाग ठेवा, लोकांना फार आवडेल. आवडला असता यात शंका नाही. मी तो काढून टाकला. ती सहा वर्षांची आहे. ‘चालेल’ म्हणाली, पण सहा वर्षांचं मूल चॉकलेटसाठी कशालाही ‘चालेल’ म्हणतं.

निघताना वन्संनी तीन शेर नागली, एक डबा पापड आणि आंब्याचं लोणचं बांधून दिलं. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “काय, किती प्रसिद्ध झालात?” मी म्हटलं, “तुमच्या बहिणीचा गट झाला. मी अजून गोधडीमागंच आहे.”

गटाचं आता असं ठरलंय की वर्षभर पुरतील एवढे पापड करायचे नाहीत, जेवढी नागली पिकेल तेवढेच. बाहेरून विकत आणलेलं पीठ ‘खोडाळ्याची नागली’ म्हणून पाठवायचं नाही, असं म्हातारीनं सांगितलंय आणि तिच्यापुढं कुणाची टाप नाही. शिवाय दिवाळीनंतर यांतल्या चार-पाच घरांना भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जावं लागतं, ती माणसं होळीला परत येतात. तेव्हा वाळवणाला हात चैत्रातच मिळणार. मागणी करणाऱ्यांना भाची हे सगळं नीट कळवते. काही रागावतात. पुष्कळजणी ‘थांबतो’ म्हणतात.

परवाच तिचा निरोप आला. पाऊस लागलाय, आवणी सुरू आहे. फोन दुधाच्या पिशवीत घालून चिखलातल्या हातांचा व्हिडिओ काढलाय, सगळ्यांना विचारून. म्हातारीनं या वेळी स्वतःहून सांगितलं म्हणे, माझं तोंड घ्या, पण नागलीची रोपं पन दिसली पायजेत. वर कुठल्या ओळी लिहायच्या ते मामीनं आज रात्रीपर्यंत कळवावं, असा हुकूम आहे. स्वयंपाक आटोपून त्यालाच बसते आता.